खेळाडू मुलगी आणि पगाराची नोकरी

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून विश्वचषक जिंकला. पाठोपाठ बक्षिसांचे आकडे जाहीर झाले. नियामक मंडळाने ५१ कोटी रुपये दिले. महाराष्ट्र शासनाने स्मृती मानधना, जेमिमा रॉड्रिग्ज व राधा यादव यांना प्रत्येकी सव्वादोन कोटी दिले. कौतुक रास्तच आहे. मात्र अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाचे लक्ष बक्षिसापेक्षा वेतनाकडे अधिक जाते. बक्षीस यशानंतर मिळते. वेतन लागते ते यशापूर्वीची दहा-पंधरा वर्षे तग धरण्यासाठी. भारतीय महिला क्रिकेटची ती वर्षे कोणाच्या पगारपत्रकावर निघाली, हे शोधू गेल्यास डायना एडुलजी यांच्या नावापाशी थांबावे लागते.

एडुलजी यांचा जन्म २६ जानेवारी १९५६ चा, मुंबईतील पारशी कुटुंबातला. बालपण रेल्वेच्या वसाहतीत गेले आणि तिथेच टेनिसच्या चेंडूने क्रिकेट सुरू झाले. बास्केटबॉल व टेबल टेनिस या खेळांत कनिष्ठ राष्ट्रीय पातळीपर्यंत मजल मारल्यावर त्या क्रिकेटकडे वळल्या. लाला अमरनाथ यांच्या शिबिरात त्यांची डावखुरी फिरकी घडली. १९७३ साली महिला क्रिकेटची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात भरली, तीही अवघ्या तीन संघांची. तीनच वर्षांनी, ऑक्टोबर १९७६ मध्ये, वेस्ट इंडिजच्या महिला भारतात सहा कसोटी सामने खेळावयास आल्या आणि बंगलोरच्या पहिल्या सामन्यात वीस वर्षांच्या एडुलजींनी पदार्पण केले. त्यांची बहीण बेहरोज हीही त्या मालिकेत खेळली. पाटण्याला शांता रंगास्वामी यांच्या नेतृत्वाखाली भारताने पहिला कसोटी विजय मिळविला. जम्मूला पाहुण्यांनी शेवटचा सामना जिंकून मालिका बरोबरीत सोडविली.

म्हणजे १९७६ साली दोन्ही संघ तुल्यबळ होते. पुढे काय झाले? वेस्ट इंडिजच्या महिला १९७९ मध्ये इंग्लंडमध्ये तीन कसोटी सामने खेळल्या आणि त्यानंतरच्या कसोटीसाठी त्यांना २००४ पर्यंत, पाव शतक, थांबावे लागले. त्या बेटांवर गुणवत्ता नव्हती असे कोण म्हणेल? २०१६ साली स्टेफनी टेलरच्या संघाने ऑस्ट्रेलियाला नमवून वीस षटकांचा विश्वचषक पटकावला, तो आपल्याच ईडन गार्डन्सवर.

आपली स्थिती फार निराळी होती असे नव्हे. खेळाडू अनारक्षित डब्यातून प्रवास करीत, शाळांच्या खोल्यांत जमिनीवर झोपत. १९८२ च्या विश्वचषकासाठी न्यूझीलंडला जावयाचे तर प्रत्येकीने दहा हजार रुपये भरावेत, असे सांगण्यात आले होते. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर भारतीय महिला थेट १९९१ मध्ये कसोटी खेळल्या. मधला १९८८ चा विश्वचषकही हुकला. एडुलजींच्या वयाची ही तिशी ते पस्तिशी, म्हणजे फिरकी गोलंदाजाच्या ऐन भराची वर्षे. पंधरा वर्षांच्या कारकिर्दीत त्यांच्या वाट्याला कसोटी सामने आले वीस. त्यांत त्यांनी ६३ बळी घेतले, तर ३४ एकदिवसीय सामन्यांत ४६. याच १९८६ च्या दौऱ्यात लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये त्यांना प्रवेश नाकारला गेला. यजमान क्लबच्या एम.सी.सी. या आद्याक्षरांत बदल करून त्याचे नाव पुरुषी अहंकारास शोभेल असे ठेवावे, हा टोला त्यांनी तेव्हा हाणला. त्या क्लबाने स्त्रियांना सभासदत्व दिले १९९८ मध्ये!

सामनेच नसतील त्या वर्षांत खेळाडू टिकावी कशी? येथे पश्चिम रेल्वेतील नोकरी उपयोगी पडली. पगार, सरावासाठी रजा, प्रवासाचा पास, भविष्यनिर्वाह निधी, ठरावीक मुदतीने बढती, या गोष्टींची किंमत कारकून व शिक्षक वाचकांस निराळी सांगावयास नको. एडुलजींचे वेगळेपण असे की स्वतःस लाभलेली ही सुरक्षितता इतरांना मिळवून देण्यासाठी त्यांनी खटपट केली. ऐंशीच्या दशकापासून रेल्वेत महिला क्रिकेटपटूंची भरती होऊ लागली, त्यामागे त्यांचा पाठपुरावा होता. पुढे हरमनप्रीत कौर मुंबईत पश्चिम रेल्वेत रुजू झाली, त्यातही त्यांचा हात होता. २०१७ च्या विश्वचषकात भारत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, तेव्हा पंधरा खेळाडूंपैकी दहा रेल्वेच्या नोकरीत होत्या. नागपूरची मोना मेश्राम त्यांपैकीच. १९८३ चा अर्जुन पुरस्कार, २००२ ची पद्मश्री, २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या मानवंदना-यादीत प्रवेश मिळविणारी पहिली भारतीय महिला हा मान, हे सारे त्यांना लाभले. आमच्या मते त्यांची खरी कामगिरी रेल्वेच्या आस्थापना विभागातील फाइलींत आहे.

या व्यवस्थेवर आक्षेप घेता येतो. चांगल्या खेळाडू एकाच मालकाकडे गोळा झाल्या, राष्ट्रीय स्पर्धेची बहुतेक विजेतीपदे रेल्वेकडे गेली, आणि विदर्भासारख्या संघांनी घडविलेल्या मुली दुसऱ्याच्या गणवेशात खेळू लागल्या. आक्षेप खरा आहे. परंतु एकच मालक असणे हा दोष असेल तर त्यावरचा इलाज मालक वाढविणे हा होय, असलेला मालक घालविणे नव्हे. एकेकाळी एअर इंडियाही महिला क्रिकेटपटूंना नोकरी देत असे. झुलन गोस्वामी तिथलीच. ती कंपनी जानेवारी २०२२ मध्ये खाजगी झाली.

आता बाजार आला आहे, नोकरीची गरज काय, असे विचारले जाते. २०२२ पासून स्त्री-पुरुषांचे सामन्याचे मानधन समान झाले. २०२३ च्या पहिल्या लिलावात स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. पण बाजाराची मोजणी करून पाहावी. संघ पाच, प्रत्येक संघात फार तर अठरा जणी, त्यांत सहापर्यंत परदेशी. म्हणजे साऱ्या देशातील मुलींसाठी जागा साठ-पासष्ट. शिखरावरच्या या मुलींची बाजार चांगली काळजी घेईल. परंतु साठावी निवडली जाण्यासाठी सहाशे जणी पंचविशीपर्यंत खेळत राहाव्या लागतात, आणि उरलेल्या पाचशे चाळीस जणींचा खर्च कोणत्याही संघमालकाच्या ताळेबंदात येत नाही. तो पडतो त्यांच्या घरांवर.

आपल्या जिल्ह्यात ते घर बहुधा दोन-चार एकर धानाचे असते. भंडारा रोड स्टेशनवरून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर. चांगली खेळपट्टी, प्रशिक्षक, विदर्भ संघाची निवड, सारे तिकडे. तुमसरची किंवा पवनीची मुलगी शाळेत कबड्डी, खो-खो, क्रिकेट मनापासून खेळते. बारावीनंतर बाप विचारतो, यातून पुढे काय? हा प्रश्न मागासलेपणाचा आहे असे आम्हांस वाटत नाही. तो अगदी काटेकोर आर्थिक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर देणे बापाचे काम नव्हे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे खरे. बनावट प्रमाणपत्रांच्या प्रकरणांनी ते बदनाम झाले, आणि मुळात ते पदक मिळविल्यानंतरचे आहे. पदकापूर्वी आधार देणारी नोकरी हवी: अर्धा दिवस काम, अर्धा दिवस सराव, आणि खेळ संपल्यावर कायम राहणारे टेबल. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना, चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे खाणी चालविणारे मॉइल, रेल्वेचा नागपूर विभाग, जिल्हा परिषद ही नावे आपल्या आजूबाजूचीच आहेत.

पैसा कोठून आणावा, या प्रश्नाला शासनाच्याच बक्षिसाचा हिशेब पुरे. तिघींना मिळून दिलेली रक्कम पावणेसात कोटी होते. ती त्यांच्या हक्काची; तिला हात लावण्याचे कारण नाही. तेवढीच दुसरी रक्कम सात टक्क्यांनी ठेव ठेवली तर वर्षाला सव्वासत्तेचाळीस लाख व्याज येईल. एका जागेचा वर्षाचा पगार पाच लाख धरला, तर त्या व्याजात दरवर्षी नऊ मुलींचा पगार निघतो, आणि मुद्दल जागच्या जागी राहते.