लेखनाचेही प्रात्यक्षिक हवे

‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा निबंध एकदाही न लिहिता महाराष्ट्रात दहावीपर्यंत पोचलेला विद्यार्थी विरळाच. या निबंधाची घडण ठरून गेलेली आहे. आधी वरदानाचे पाच मुद्दे, मग शापाचे पाच मुद्दे आणि अखेरीस, नाण्याला दोन बाजू असतात तेव्हा विज्ञानाचा वापर विवेकाने करावा, असा निर्वाळा. अशा निबंधाला गुण चांगले मिळतात. परंतु त्यात लिहिणाऱ्याला काही सिद्ध करावे लागत नाही, कोणाचे म्हणणे खोडावे लागत नाही आणि आपले मत चुकीचे ठरण्याचा धोकाही पत्करावा लागत नाही. हीच शिदोरी घेऊन विद्यार्थी महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात येतो आणि तेथील गाइडे व तयार नोट्स ही सवय मोडण्याऐवजी पक्की करतात.

आता याच विद्यार्थ्याकडून संशोधनाची अपेक्षा केली जात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवीचा मार्ग मोकळा होतो. त्यासाठी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प पुरा करावा लागतो. हे उद्दिष्ट स्वागतार्हच आहे. प्रश्न इतकाच, की चौथ्या वर्षी जे मागावयाचे, त्याची तयारी पहिल्या वर्षी कोण आणि कशी करून घेणार?

प्रकल्पवहीचे गुण

आज अंतर्गत मूल्यमापनासाठी जे ‘प्रकल्प’ सादर होतात, ते पाहिले की या प्रश्नाचे उत्तर फारसे आशादायक वाटत नाही. ‘भारतातील बेरोजगारी : कारणे व उपाय’ असा एखादा विषय असतो. रंगीत मुखपृष्ठ असते, ऋणनिर्देश असतो, आत इंटरनेटवरून उचललेले उतारे असतात. २०२२ च्या अखेरीस प्रश्न विचारताच सबंध निबंध लिहून देणारी संगणकीय साधने सर्वांच्या हाती आली आणि उतारे जुळविण्याचे कष्टही उरले नाहीत. वहीचे वजन पाहून गुण दिले जातात आणि वर्षाअखेर त्या वह्या रद्दीत जातात.

यात विद्यार्थ्याला चोर ठरविणे सोपे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याला आळा घालण्यासाठी नियमावली केली. प्रबंधात १० टक्क्यांहून अधिक मजकूर इतरांच्या लेखनाशी जुळला, तर काय करावयाचे हे तीत सांगितले आहे. शैक्षणिक प्रामाणिकपणाची तत्त्वे पदवी अभ्यासक्रमातच शिकवावीत, असेही तीच नियमावली सांगते. मात्र महाविद्यालयांत तपासणी करणारे सॉफ्टवेअर जितक्या लवकर आले, तितक्या लवकर हे शिक्षण आले नाही. वस्तुतः ज्या प्रश्नाचे उत्तर केवळ उतरवूनच काढता येते, असा प्रश्न देणाऱ्याकडेही दोषाचा वाटा जातो. ‘कारणे व उपाय’ हा संशोधनाचा प्रश्न नव्हे, ते पाठ्यपुस्तकातील प्रकरणाचे नाव आहे.

पूर्वपक्षाची शिस्त

युक्तिवाद म्हणजे भांडण नव्हे आणि वक्तृत्व स्पर्धेतील टाळ्याही नव्हेत. या देशात त्याची शिस्त नवी नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम पूर्वपक्ष म्हणून मांडावे, तेही असे की प्रतिपक्षाने ‘माझे म्हणणे हेच’ असे कबूल करावे. आणि त्यानंतरच उत्तरपक्षाकडे वळावे, ही रीत शास्त्रग्रंथांनी पाळली. विधान कोणते, त्याला हेतू कोणता आणि त्या हेतूला आधार कोणता, हे वेगळे काढून दाखविण्याची पद्धत न्यायशास्त्राने घालून दिली. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला संशोधनाच्या परिभाषेचे ओझे देण्याआधी एवढी शिस्त दिली, तरी पुष्कळ साधेल.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी तिचा उत्तम नमुना हाताशी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे फार लहान झाले आहेत, ते एकत्र करून वाढविले पाहिजेत, हा त्या काळचा बलवान विचार होता. आंबेडकर त्याची टर उडवीत नाहीत. बडोदा संस्थानच्या समितीचे आणि मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक किटिंग यांचे म्हणणे ते आधी मांडतात. मग ‘किफायतशीर धारणक्षेत्र’ या एका शब्दावर बोट ठेवतात. कुटुंबाचे बऱ्यापैकी पोट भरेल ते किफायतशीर, ही व्याख्या खाणाऱ्याच्या बाजूने केलेली आहे; शेत हा उत्पादनाचा व्यवसाय असेल, तर ते जमीन, श्रम आणि भांडवल यांच्या परस्परप्रमाणावरूनच जोखले पाहिजे, असे ते दाखवितात. एवढे मान्य झाले की निष्कर्षच पालटतो. रोग तुकड्याच्या लहानपणात नसून जमिनीवर पडलेल्या रिकाम्या हातांच्या भारात आहे, आणि त्याचा उपाय उद्योगधंद्यांच्या वाढीत आहे. आवाज न चढविता केवळ एका व्याख्येची तपासणी करून प्रस्थापित मत कसे हलविता येते, हे या निबंधातून वर्गात दाखविता येईल.

याच रीतीने विद्यार्थ्याच्या घरातला प्रश्नही हाताळता येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली आणि मे २०२४ मध्ये अटींसह ती पुन्हा खुली केली. ‘निर्यातबंदीमुळे कांदा उत्पादकाचे नुकसान झाले’, असे नाशिक जिल्ह्यातील विद्यार्थी सहज लिहील. त्याने ते जरूर लिहावे. मात्र शिक्षकाने विचारावे, की भाव कोणत्या बाजार समितीतला आणि कोणत्या महिन्यांतला? लासलगावचे भाव त्याने मिळवून आणले, की दुसरा प्रश्न यावा. डिसेंबर-जानेवारीत खरीप आणि रांगड्या कांद्याची आवक वाढते, तेव्हा भाव एरवीही उतरतात. मग या घसरणीत बंदीचा वाटा किती आणि आवकेचा किती? आता विद्यार्थ्याला मागील वर्षांचे त्याच महिन्यांतले भाव पाहावेच लागतात. तिसरा प्रश्न मुंबईत भाड्याच्या खोलीत राहून किलो-अर्धा किलो कांदा विकत घेणाऱ्या कुटुंबाचा. त्याचे म्हणणे त्याच्याच बाजूने मांडता येईल काय? या तीन प्रश्नांतून गेल्यावर पहिले वाक्य बहुधा मवाळ होईल, पण ते आपल्या पायांवर उभे राहील. संशोधनाचा आरंभ येथेच होतो. त्यासाठी इंग्रजी ग्रंथालयाची वाट पाहण्याचेही कारण नाही. ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ आणि जिल्ह्यांची ‘सामाजिक व आर्थिक समालोचने’ मराठीत उपलब्ध आहेत. आकडा कोठून घेतला हे लिहिण्याची सवय त्यांच्यापासूनच लावता येते.

वेळेचा हिशेब

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की ज्यांना एक परिच्छेद शुद्ध लिहिता येत नाही, त्यांना युक्तिवाद काय शिकवावयाचा? परंतु परिच्छेद विस्कटतो तो बहुधा सांगावयाचे काय हेच निश्चित नसल्यामुळे. म्हणणे निश्चित झाले, की वाक्येही सावरू लागतात. भाषा आणि विचार यांची दुरुस्ती एकत्रच होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो खरा आहे. हे सारे वाचणार कोण? १२० विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाचा ३०० शब्दांचा लेख १० मिनिटांत वाचून शेरा लिहावयाचा म्हटले, तरी २० तास लागतात. सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन आठवड्याला १६ तासांचे ठरलेले आहे. म्हणजे एकदाचे वाचनच त्याहून अधिक. सुधारलेल्या लेखाला आणखी ५ मिनिटे धरली आणि सत्रात असे तीनच लेख घेतले, तर ९० तास होतात. १५ आठवड्यांच्या सत्रात ते आठवड्याला ६ तास पडतात. हे काम आज कोणाच्याही कार्यभारात मोजले जात नाही. जेथे जागा रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकाला केवळ घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, तेथे त्याने रात्री जागून वह्या वाचाव्यात असे म्हणणे म्हणजे फुकट श्रमांवर धोरण उभे करणे होय.

याचे उत्तर विज्ञान शाखेने केव्हाच शोधलेले आहे. रसायनशास्त्र केवळ व्याख्यानांनी शिकविता येते, असे कोणी म्हणत नाही. वर्गाच्या तुकड्या पाडल्या जातात, प्रयोगशाळेचे तास शिक्षकाच्या कार्यभारात धरले जातात, प्रयोग चुकला तर पुन्हा करावा लागतो आणि जर्नलवर सही झाल्याखेरीज परीक्षेला बसता येत नाही. कला आणि वाणिज्य शाखांचे प्रात्यक्षिक म्हणजे लेखन. तेव्हा १२० विद्यार्थ्यांच्या ३०-३० च्या चार तुकड्या कराव्यात, वाचनाचे तास कार्यभारात धरावेत, पहिला खर्डा शिक्षकासमोर वर्गातच लिहून घ्यावा आणि गुण दुसऱ्या, सुधारलेल्या खर्ड्याला द्यावेत. वर्गात लिहिलेला पहिला खर्डा आणि विद्यार्थ्याला विचारलेले दोन प्रश्न यांपुढे उतारेही टिकणार नाहीत आणि यंत्राने लिहिलेला निबंधही टिकणार नाही.

याला पैसा लागेल, हे लपविण्याचे कारण नाही. शिक्षकांच्या जागा भराव्या लागतील. तो खर्च टाळावयाचा असेल, तर संशोधनासह पदवी हे शब्द तरी प्रमाणपत्रावर छापू नयेत. कारण या शिक्षणाचे मोल प्रबंधापुरते नाही. हाच विद्यार्थी उद्या कचेरीत टिपण लिहील, ग्रामसभेत अंदाजपत्रकावर बोलेल, समोर आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवावा की नाही हे ठरवील. दोन्ही बाजू सारख्याच खऱ्या, असे म्हणून उठून जाण्याची मुभा त्याला तेथे नसते.