जिन्यातली पाटी

दर तीन आठवड्यांनी माझ्या दाराच्या मुठीला एक पाटी येऊन लटकते. लाकडी, तळहाताएवढी, वर दोरी. तिच्यावर ‘केरवोखे’ लिहिलेलं असतं. वोखे म्हणजे आठवडा, आणि ‘केर’ मराठी माणसाला वेगळा सांगायला नको. जर्मनमध्ये ‘केरेन’ म्हणजे झाडणं. पहिल्यांदा हा शब्द वाचला तेव्हा परक्या जिन्यात कुणी मराठीत हाक मारावी तसं वाटलं होतं.

पाटी आली की आमच्या मजल्याचा जिना झाडायचा, ओल्या फडक्यानं पुसायचा, कठड्यावरून हात फिरवायचा आणि पाटी पुढच्या दाराला अडकवायची. श्टुटगार्टची ही रीत जुनी. आपापली घाण दर आठवड्याला बाहेर न्यावी, असा हुकूम इथे १४९२ साली निघाला होता. १९८८मध्ये शहरानं सक्ती उठवली, पण घरभाड्याच्या करारांतून ती अजून टिकून आहे.

पहिल्या वर्षी मला या पाटीचा मनापासून राग यायचा. रविवारी दुकानं बंद, आवाज करायचा नाही, म्हणून शनिवारी वाणसामान, कपडे, रिकाम्या बाटल्या परत देऊन पंचवीस-पंचवीस सेंट सोडवणं, आणि वर हा जिना. एका शनिवारी मी तो पुसून उठले, तर समोरच्या आजी बाहेर आल्या, जिन्याच्या खिडकीच्या कट्ट्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “इथलं राहिलंय.” मी आत येऊन रडले. परकी आहे म्हणूनच मला बोलल्या, हे मनानं पक्कं धरलं.

त्याच हिवाळ्यात माझ्या निवास परवान्याची मुदत संपत आली. नूतनीकरणाचा अर्ज केला, पण निर्णय व्हायचा होता. अशा वेळी इथे एक कागद मिळतो, त्याच्या नावातच ‘फिक्शन’ आहे: जुना परवाना अजून चालू आहे, असं कायद्यानं मानायचं. ‘मानायचं’ हा शब्द मला फार लागला. नोकरी खरी, भाडं खरं, कर खरा, आणि माझं इथे असणं तेवढं मानलेलं. रोज संध्याकाळी खाली जाऊन टपालपेटी उघडायची, कारण इथे महत्त्वाचं सगळं पत्रानंच येतं. एकदा तशीच रिकाम्या हातानं वर आले, तर दाराला पाटी. माझी पाळी आली होती. त्या दिवशी मी जिना सावकाश पुसला. पहिल्यांदाच मन लावून.

पुढे वडिलांच्या ऑपरेशनसाठी मला तातडीनं पुण्याला जावं लागलं. आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुमची पाळी मी करते. वडिलांजवळ राहा.” महिन्यानं परतले, तर जिना लखलखीत आणि माझी पत्रं त्यांच्या टेबलावर तारखेप्रमाणे लावलेली. कॉफी घेताना त्या पहिल्यांदा स्वतःविषयी बोलल्या. युद्धानंतर बोहेमियातून लाखो जर्मनांना घरं सोडावी लागली, त्यांत त्या आईचं बोट धरून इथे आल्या होत्या. बोली वेगळी, अंगावर दुसऱ्यांचे कपडे. त्यांच्या आईलाही जिन्यात असंच कुणीतरी बोट फिरवून दाखवलं होतं. “आईनं नंतर तो कट्टा कधी चुकवला नाही,” त्या म्हणाल्या.

आमचं अजून ‘झी’, म्हणजे अहोजाहोच आहे. ‘डू’ म्हणू या, हे वडीलधाऱ्यांनी सुचवायचं असतं, आणि मला घाई नाही. सणाच्या पुरणपोळ्या मात्र आता त्या आठवणीनं मागतात.

या महिन्यात तिसऱ्या दारात सीरियाहून एक कुटुंब राहायला आलंय. बाईंना जर्मन जेमतेम येतं, कडेवर बाळ आहे. रविवारी पाटी माझ्याकडून त्यांच्याकडे जाईल. आधी दार वाजवून जिना त्यांच्यासोबत एकदा पुसावा, असं ठरवलंय. सुरुवात खिडकीच्या कट्ट्यापासून करीन.