करारात खाणारा कुठे आहे?

14 फेब्रुवारी 2018 रोजी ब्रिटनमध्ये केएफसीने दुकानांना कोंबडी पोहोचवण्याचे काम बिडवेस्टकडून काढून डीएचएलकडे सोपवले. अनेक गोदामांतून होणारा पुरवठा आता रग्बी येथील एकाच गोदामातून होणार होता. आठवडाभरात सुमारे 900 पैकी निम्म्याहून अधिक दुकानांना कुलपे लागली. अखेर मार्चमध्ये उत्तरेकडची 350 दुकाने पुन्हा जुन्याच वाहतूकदाराच्या हवाली करावी लागली.

ते संकट निदान दिसले. दुकान बंद पडले की बोभाटा होतो. आपल्याकडची गत अधिक भयंकर आहे, कारण इथे दुकान उघडे असते, माल फळीवर असतो, आणि तो वाटेत किती तास उन्हात वितळला हे कोणालाच ठाऊक नसते.

गोठवलेले अन्न उणे 18 अंश सेल्सिअसला किंवा त्याखाली राखायचे असते. कंपनी आणि वाहतूकदार यांच्या करारात हा आकडा लिहिलेला असतोही. पण तो मोजायचा केव्हा? बहुधा माल भरताना आणि उतरवताना. मधल्या पाच-सातशे किलोमीटरचे काय, यावर कागद मुका आहे. फेरीमागे डिझेल ठरवून दिले की वाचलेले डिझेल चालकाच्या खिशात जाते. शीतयंत्रही डिझेलवरच चालते. मग रात्री ढाब्यावर ते बंद होते आणि मुक्कामाच्या तासभर आधी पुन्हा सुरू होते. गाडीतली हवा थंड, खोक्याचा पृष्ठभाग थंड, आणि तपासणारा समाधानी. आतला माल मात्र एकदा सैलावून पुन्हा गोठलेला. गोठल्याने जंतू मरत नाहीत, निपचित पडून राहतात. ऊब मिळाली की ते वाढू लागतात, आणि पुन्हा गोठवले तरी वाढलेले वाढलेलेच राहतात. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांपलीकडे जातो, तेव्हा बंद शीतयंत्राचा एक तास म्हणजे काय, याची कल्पना करावी.

सगळा दोष चालकावर ढकलणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तोच चालक गोदामाच्या फाटकाबाहेर सहा-सहा तास ताटकळतो. त्या तासांचे ना भाडे मिळते, ना डिझेल. सर्वात कमी दराची निविदा मंजूर करणाऱ्या कंपनीने त्या दरात शीतयंत्र अखंड चालेल की नाही, हा हिशेब आधीच टाळलेला असतो. उशिराला दंड आहे, तापमान ढळल्याला नाही. मग वाहतूकदार कशाची काळजी घेईल हे सांगायला ज्योतिषी नको.

2006च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने अन्नाची वाहतूकही अन्न व्यवसायातच धरली आहे. म्हणजे जबाबदारी कायद्यात आहे. नाही ती करारात, आणि खाणारा विषबाधेने आजारी पडला की कंपनी वाहतूकदाराकडे, वाहतूकदार दुकानदाराकडे बोट दाखवतो. आईस्क्रीमच्या डब्यात लागणारे बर्फाचे खडे हा अनेकदा याच साखळीचा पुरावा असतो; पोरे ते आवडीने चघळतात.

आर्थिक वर्षाबरोबर जे करार नव्याने होतात, ते नेमके उन्हाळ्याच्या तोंडावर होतात. त्यांत तीन गोष्टी आल्याच पाहिजेत. प्रवासभर दर काही मिनिटांनी आपोआप नोंदले जाणारे तापमान, आणि ती नोंद पाहिल्याशिवाय माल न स्वीकारण्याचा दुकानदाराचा हक्क. शीतयंत्राचे डिझेल गाडीच्या डिझेलपासून वेगळे, जेवढे जळेल तेवढे. फाटकाबाहेरच्या ताटकळण्याचे पैसे. याने गाडीभाडे वाढेल, हे आम्ही लपवत नाही. पण आज ते वाढीव भाडे रुग्णालयात भरले जाते, आणि ज्याने ते भरायचे त्याची त्या करारावर सहीदेखील नसते. अन्न व औषध प्रशासनाने येत्या मार्चपूर्वी शीतवाहनांच्या नोंदी मागवाव्यात, आणि ज्या कंपनीपाशी त्या नाहीत तिच्या गोदामावर पहिली धाड पडावी.