फळीवरचे बीड स्टेशन

बीडच्या आमच्या दोन खोल्यांत रेल्वे आणायची म्हटल्यावर सौ. ने विचारले, “मग आपण झोपायचे कुठे?” प्रश्न रास्त होता. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीपट लहान गाडी घेतली, तरी नुसत्या वळणाला तीन फुटांवर रुंदी लागते. म्हणून मी एकशेसाठपट लहान घेतली. दोन रुळांत अंतर अवघे ९ मिलिमीटर! चार फूट लांब, अडीच फूट रुंद फळी पुरली. रात्री ती पलंगाखाली जाते.

पण गाडी दिसायची घाण्याच्या बैलासारखी. मग अर्धा रूळ कागदाच्या लगद्याच्या डोंगराआड दडवला. घसरलेला डबा उचलायला मागून हात जाईल एवढी जागा ठेवली. गाडी बोगद्यात दिसेनाशी झाली की दूरगावी गेल्यासारखी वाटते.

स्टेशनाची पाटी अण्णांनी लिहिली : ‘बीड’.

“अण्णा, बीडला रेल्वे कुठे आहे?”

“येईल.”

नगर-बीड-परळी मार्ग १९९५-९६ सालचा मंजूर. गाडी बीडला आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर अण्णा राहिले नव्हते.

यंदा दिवाळीत फळी काढली. अक्षरे पुसट झालेली. मुलगा म्हणाला, “नवी पाटी करू या?”

म्हटले, “राहू दे. खऱ्या स्टेशनाआधीची आहे ती.”