पाणवठ्यावरची मर्यादा

पावसाने जोर धरला की मुंबई, ठाणे, नाशिकच्या गाड्या पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या घाटवळणांवर दिसू लागतात. दाभोसा, हिरडपाडा, काळमांडवी ही नावे आता शहरातल्या तरुणांना तोंडपाठ आहेत. धबधब्याखाली जाणारे पुरुष शर्ट काढून अर्ध्या चड्डीवर उतरतात, स्त्रिया अंगावरच्या कपड्यांनिशी भिजतात आणि काठावर पंचवीस-तीस मोबाइल उंचावलेले असतात. मग तक्रारी येतात. कुणी काय घातले होते, कुणी कुणाचे चित्रीकरण केले, गावकऱ्यांनी कुणाला हटकले. या वादांत चर्चा नेहमी कपड्यांपाशी येऊन अडते. पण उघड्यावर अंग मोकळे करताना खरे भान दोनच गोष्टींचे ठेवावे लागते: उन्हाचे आणि नजरेचे.

जगात जिथे विवस्त्र स्नानाला रीतसर मुभा आहे, तिथे हे भान नियमांत उतरले आहे. जर्मनीत अशा मोकळ्या स्नानाची चळवळ शंभर वर्षांहून जुनी आहे. सिडनीच्या लेडी बे किनाऱ्याला 1976 मध्ये आणि इंग्लंडमधल्या ब्रायटनला 1980 मध्ये तशी अधिकृत परवानगी मिळाली. शिक्षण-नोकरीसाठी म्युनिकला गेलेल्या मराठी मुलामुलींना तर शहराच्या मधोमध, इंग्लिश गार्डनमध्ये, उन्हात निवांत पहुडलेली विवस्त्र माणसे दिसतात. भारतात अशी मुभा कुठेही नाही. गोव्यात हणजुणे-हरमलच्या किनाऱ्यांवर सत्तरच्या दशकात हिप्पींनी हा प्रकार आणला, पण कायद्याने तो तेव्हाही मान्य नव्हता आणि आजही नाही. सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल असे अश्लील वर्तन केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जव्हारच्या धबधब्यांनाही हाच कायदा लागू आहे.

तरीही हा विषय परका म्हणून झटकून टाकण्याचे कारण नाही. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात शरीराविषयी आणि नग्नतेविषयी न लाजता लिहिले. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. त्यांतल्या एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. शरीराबद्दल मोकळे बोलणे आणि शरीराचा मान राखणे यांत विरोध नाही, हे मराठी समाजाला तेव्हाच सांगून झाले आहे.

विवस्त्र स्नानाची मुभा असलेल्या किनाऱ्यांवर नवख्याला सांगितले जाणारे शिष्टाचार साधे आहेत. कुणाकडे टक लावून पाहायचे नाही. परवानगीशिवाय कॅमेरा काढायचा नाही. कुणाच्या अंगावर शेरे मारायचे नाहीत. बाकावर किंवा खुर्चीवर बसताना आपला टॉवेल अंथरायचा. सलगी करायची नाही आणि समोरच्याने नको म्हटले की तिथेच थांबायचे. नेमलेल्या हद्दीबाहेर पडताना कपडे घालायचे. यांतला एकच नियम कपड्यांविषयी आहे, बाकीचे सगळे दुसऱ्याला निर्धास्त वाटावे यासाठी आहेत.

हीच कसोटी जव्हार-मोखाड्यात आलेल्या पाहुण्याला लावून पाहावी. वारली, कोकणा, कातकरी, ठाकर, महादेव कोळी समाजांची ही भूमी आहे. भाताच्या आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभी राहणारी बाई लुगडे गुडघ्याच्या वर खोचते, कारण खाली सोडलेले लुगडे चिखलात काम करू देत नाही. म्हातारा माणूस लंगोटीवर नांगर धरतो, कारण ओल्या धोतरात दिवस काढता येत नाही. पाड्यावरच्या बायका ओढ्यावर आंघोळ करतात, कारण अनेक घरांना न्हाणीघर नाही. हे त्यांचे रोजचे जगणे आहे, आणि शहरातून आलेल्या माणसाला ते ‘फोटो’ वाटते. ज्या पर्यटकाला धबधब्याखाली स्वतःच्या बायकोचा फोटो परक्याने काढलेला खपत नाही, तोच शेताच्या बांधावरून अनोळखी बाईवर कॅमेरा रोखतो. ही विसंगती त्याच्या ध्यानातही येत नाही.

या नजरेची परिसीमा अंदमानात दिसली. खाऊ देऊन जारवा आदिवासी स्त्रियांना पर्यटकांपुढे नाचायला लावल्याची चित्रफीत 2012 मध्ये जगभर गेली आणि देशाची मान खाली गेली. पालघरमध्ये तसे काही चालते असे आमचे म्हणणे नाही. पण कमी कपड्यांतला आदिवासी माणूस म्हणजे पाहण्याची वस्तू, हा समज दोन्हीकडे तोच आहे. एकांताची अपेक्षा असलेल्या ठिकाणी स्त्रीला आंघोळ करताना किंवा कपडे बदलताना चोरून पाहणे, तिचे चित्रण करणे हा न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे आणि पहिल्याच अपराधाला किमान एक वर्षाची कैद आहे. ओढ्याला भिंती नसल्या तरी तिथे आंघोळ करणाऱ्या बाईचा एकांत कायद्याला दिसू शकतो; पर्यटकालाही दिसला पाहिजे.

आता उन्हाविषयी. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फुटांवर आहे. हवा थंड, आभाळ भरलेले, म्हणून ऊन लागणार नाही असे पाहुण्याला वाटते. प्रत्यक्षात या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा ऐन डोक्यावर येतो: मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्यात, म्हणजे धबधब्यांच्या ऐन हंगामात. पातळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा भाग खाली येतो आणि अर्धा मीटर पाण्याखालीही त्यांतले सुमारे 40 टक्के पोहोचतात. ऊब जाणवत नाही म्हणून माणूस तासन्‌तास उघडा राहतो आणि रात्री पाठ टेकवत नाही. त्वचा भाजल्याची लाली काही तासांनी चढते, दुसऱ्या दिवशी वाढते. एरवी सदऱ्याखाली असलेले खांदे, पाठ आणि पोट आधी भाजते. सावळ्या त्वचेला संरक्षण थोडे जास्त असते, पूर्ण नसते.

उपाय अवघड नाहीत. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हा उघड्या अंगाने उन्हात थांबू नये. एसपीएफ 30 चे सनस्क्रीन त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे 97 टक्के अडवते, पण ते भरपूर लावले तरच. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला साधारण 30 मिलिलिटर लागते. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर ते पुन्हा लावावे. पातळ पांढरा सुती कपडा ओला झाला की त्याचे संरक्षण बरेच घटते. गडद, घट्ट विणीचा कपडा अधिक चांगला. लेप्टोस्पायरोसिसच्या भीतीने पावसाळ्यात डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांनी जास्त जपावे, कारण या गोळीने त्वचा उन्हाला हळवी होते. इथल्या शेतकऱ्याने हे शास्त्र पुस्तकात वाचलेले नाही, पण तो उन्हाळ्यात पहाटे काम उरकतो, डोक्याला टॉवेल गुंडाळतो आणि दुपार मोहाच्या सावलीत काढतो.

सनस्क्रीनला आणखी एक बाजू आहे. प्रवाळांना अपायकारक ठरणारी दोन रसायने असलेल्या सनस्क्रीनची विक्री हवाई बेटांनी 2021 पासून बंद केली. जव्हार-मोखाड्यात प्रवाळ नसले तरी प्रवाहाच्या खाली पाडे आहेत. पाऊस सरला की मोखाड्यात नदीच्या पात्रात खणलेल्या डवऱ्यांतून वाटीवाटीने पाणी भरावे लागते. ज्या पाण्यात आपण साबण, शाम्पू आणि मलमे धुऊन टाकतो, ते खाली कुणाच्या तरी हंड्यात जाते. म्हणून सनस्क्रीन पाण्यात उतरण्याच्या अर्धा तास आधी लावावे आणि साबण गाडीतच ठेवावा. अंगभर मलम फासण्यापेक्षा लांब बाह्यांचा कपडा घालणे त्वचेला आणि पाण्याला दोघांनाही बरे.

हे सारे पाहुण्याच्या चांगुलपणावर सोडून भागणार नाही. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत आणि पेसा कायद्याने ग्रामसभांना आपली साधनसंपत्ती आणि परंपरा जपण्याचा अधिकार दिला आहे. तो वापरून ग्रामसभांनी धबधब्याची आणि गावाच्या आंघोळीची जागा वेगळी नेमावी, चित्रीकरण कुठे चालेल आणि कुठे नाही हे फलकावर ठळक लिहावे. पर्यटनाच्या निधीतून स्त्रियांसाठी कपडे बदलण्याच्या खोल्या आणि स्वच्छतागृहे आधी उभी राहावीत. कमानी आणि सेल्फी पॉइंट नंतर झाले तरी चालतील. या जागांची देखरेख गावातल्याच तरुणांना मानधनावर द्यावी. पाहुण्यांनी पाण्यात उतरण्यापूर्वी फोन पिशवीत टाकावा आणि गावातल्या कुणाचाही फोटो घेण्याआधी त्याला विचारावे. तो नाही म्हणाला, तर रामराम करून पुढे निघावे.