कळा सोसण्याची सक्ती थांबवा

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. शाळा-अंगणवाड्यांत तपासण्या झाल्या, जन्मतः हृदयाला छिद्र असलेल्या मुली सापडल्या, कित्येकींची ऑपरेशने झाली. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी आज विशी ओलांडून सासरी नांदते आहे. अठराव्या वर्षी या कार्यक्रमाशी तिचा संबंध संपला. आता ती बाळंतपणासाठी येते आहे आणि तिच्यासाठी कसलीही तयारी नाही.

गर्भारपणात हृदयाचे काम ३० ते ५० टक्क्यांनी वाढते. प्रत्येक कळेसरशी गर्भाशयातले ३०० ते ५०० मिलिलिटर रक्त एकदम अभिसरणात येते. त्यात वेदनेने नाडी धावते, रक्तदाब चढतो. निरोगी हृदय हे पेलते. झडप अरुंद असलेले हृदय थकते, फुफ्फुसांत पाणी उतरते. म्हणून अशा बाईच्या कळा शमवणे हा तिच्या हृदयाचाच उपचार आहे. तरीही ‘सोस थोडं, सगळ्याच सोसतात’ हेच तिला ऐकवले जाते. हे थांबलेच पाहिजे.

मात्र एपिड्युरल, म्हणजे पाठीत सुई घालून दिलेले कळा शमवणारे औषध, ही सरसकट द्यायची गोष्ट नव्हे. सौम्य औषध थोडेथोडे, रक्तदाब पाहत दिले तर ते तारते; एकदम दिले तर रक्तदाब कोसळतो. छिद्रामुळे फुफ्फुसांतला रक्तदाब कायमचा वाढतो त्या आयझेनमेंगर विकारात तसे झाले की अशुद्ध रक्त फुफ्फुसांना चुकवून थेट शरीरात शिरते. (या विकारात गर्भारपणच टाळायचे असते, ते मुलीला वेळीच, लग्नाआधी सांगायला हवे.) छिद्र उघडे असेल तर सलाइनच्या नळीतला हवेचा बुडबुडाही मेंदूपर्यंत पोचू शकतो. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने चालू असतील तर शेवटच्या डोसची वेळ कळल्याशिवाय पाठीत सुई घालता येत नाही. रात्री दोन वाजता, कळा सुरू झाल्यावर, ही माहिती घाबरलेल्या नातेवाइकांकडून कशी मिळणार?

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गर्भवतींची तपासणी होते. तिथे प्रत्येकीला ‘लहानपणी हृदयाचे ऑपरेशन झाले होते का?’ हे विचारलेच जावे. तसे असेल तर इको करून हृदयरोगतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञांनी मिळून वेदनाशमनाचा बेत तिच्या कार्डावर आधीच लिहावा. चोवीस तास भूलतज्ज्ञ नसलेल्या रुग्णालयाने तिला कळा येण्यापूर्वीच मोठ्या रुग्णालयात पाठवावे. बाळंतपणानंतरचे दोन-तीन दिवसही धोक्याचेच असतात, तेव्हा तिला घाईने घरी धाडू नये.

सरकारी योजनेतून ऑपरेशन झालेल्या मुलींच्या नोंदी सरकारी दप्तरातच असायला हव्यात. आरोग्य खात्याने त्या शोधून, त्या मुलींच्या संमतीने, प्रसूती विभागांकडे पोचवाव्यात आणि हे काम याच वर्षी सुरू करावे.