सर्जनच्या बोटाची किंमत

इंदूरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे पती डोळ्यांचे सर्जन आहेत, वय ४३. स्वतःचा दवाखाना, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे यंत्र, त्या यंत्राच्या कर्जाचे हप्ते आणि चार माणसांचे पगार असा सगळा व्याप आहे. गेल्या पावसाळ्यात पायरीवरून घसरून डॉक्टर पडले आणि उजव्या हाताची तर्जनी मोडली. सात आठवडे एकही ऑपरेशन करता आले नाही. मात्र ते सकाळ-संध्याकाळ रुग्ण तपासत होते, चष्म्याचे नंबर देत होते. वैयक्तिक अपघात विमा होता, म्हणून साप्ताहिक भरपाईचा दावा केला. कंपनीने तो नाकारला. कारण काय, तर डॉक्टर काम करीत होते! ताई विचारतात, "दहा वर्षे न चुकता हप्ते भरले ते कशासाठी? ह्यांची खरी कमाई तर ऑपरेशनचीच ना?"

प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर पॉलिसीतल्या एका शब्दात दडलेले असते. 'कोणताही' हा तो शब्द. आपल्याकडच्या बहुतेक अपघात विम्यांत अपंगत्वाची व्याख्या अशी असते, की विमेदार कोणताही व्यवसाय किंवा नोकरी करण्यास पूर्णपणे असमर्थ झाला पाहिजे. हात थरथरणारा सर्जन महाविद्यालयात शिकवू शकतो, रुग्णांना सल्ला देऊ शकतो. म्हणजे कंपनीच्या लेखी तो धडधाकट. आयुर्विमा महामंडळाच्या अपघात व अपंगत्व लाभाच्या पुरवणीतही अट हीच, कायमचे आणि संपूर्ण अपंगत्व. ते आले तर ती रक्कम दहा वर्षांत मासिक हप्त्यांनी मिळते. अमेरिकेत तज्ज्ञ डॉक्टर विमा घेताना 'माझा स्वतःचा व्यवसाय' ही व्याख्या आग्रहाने मागून घेतात. शस्त्रक्रिया थांबली की भरपाई सुरू, मग त्याने दुसरे काही काम केले तरी चालते. तशी पॉलिसी इथे एकट्या-दुकट्या डॉक्टरला सहजासहजी मिळत नाही.

आता बोटांचा हिशेब पाहा. अपघात विम्याच्या नेहमीच्या तक्त्यात अंगठा पूर्ण गेला तर विमा रकमेच्या २५ टक्के मिळतात, तर्जनीचे १०, मधल्या बोटाचे ६, अनामिकेचे ५ आणि करंगळीचे ४. पन्नास लाखांचा विमा असेल तर तर्जनीचे पाच लाख. हिशेबनिसाची तर्जनी आणि सर्जनची तर्जनी या तक्त्यात सारख्याच किमतीच्या! गंमत म्हणजे हप्ता ठरवताना डॉक्टरांना कारकून, वकील, शिक्षक यांच्याबरोबर सर्वांत कमी धोक्याच्या वर्गात बसवतात. हप्ता कमी, म्हणून आपण खूश. पण कंपनी फक्त अपघाताची शक्यता मोजते. अपघातानंतर घराचे काय होईल, ते मोजणे आपले काम.

आणखी एक गोष्ट डॉक्टर असूनही अनेकांच्या ध्यानात येत नाही. अपघात विमा आजारासाठी नसतो. मणक्याचे दुखणे, कंपवात, अर्धांगवायू, हातमोज्यांच्या रबराची ॲलर्जी यांनीही सर्जनचा हात थांबतो, पण त्यातले काहीच अपघातात मोडत नाही. त्यासाठी गंभीर आजारांची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. तीत पक्षाघात, अवयवांचा कायमचा लकवा यांसारख्या ठरावीक आजारांवर एकरकमी पैसे मिळतात. पण यादीत नाव नसेल तर पैसेही नाहीत. मणका आणि ॲलर्जी साधारणपणे या यादीत सापडत नाहीत.

"आमच्या डॉक्टरांचा विमा आहे ना," असे ज्या पत्नी खात्रीने सांगतात, त्यांनी एकदा कपाटातली फाईल काढून पाहावी. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असा निकाल दिला. तेव्हापासून डॉक्टरांच्या फायलीत व्यावसायिक दायित्वाची पॉलिसी हटकून सापडते. ती चांगलीच आहे, पण तिचे पैसे दावा लावणाऱ्या रुग्णाला मिळतात, डॉक्टरच्या घराला नव्हे.

मग घ्यावे काय? माझ्या मते आधी विमा रकमेकडे पाहूच नये. दवाखाना बंद असतानाही महिन्याला किती रुपये द्यावेच लागतात, ते कागदावर मांडावे. अपघात विम्यात तात्पुरत्या अपंगत्वाचे कलम आहे का, ते पाहावे. पुष्कळदा ते जादा हप्ता भरूनच मिळते, आणि "आठवड्याला एक टक्का" असे लिहिलेले असले तरी खाली कमाल मर्यादा असते. ती काही हजारांचीच असेल तर कर्जाचा एक हप्तासुद्धा निघणार नाही. सही करण्यापूर्वी कंपनीला एकच प्रश्न लेखी विचारावा: "डॉक्टर ऑपरेशन करू शकत नाहीत, पण रुग्ण तपासू शकतात, तर भरपाई मिळेल का?" एजंटच्या तोंडी "हो हो, सगळे कव्हर आहे" यावर विसंबू नये. तज्ज्ञांच्या संघटनेची सामूहिक पॉलिसी असल्यास तिची व्याख्याही पडताळावी. समूहाला कधी कधी अटी बदलून मिळतात. उरलेली फट स्वतःच्या पैशांनी बुजवावी लागते. सर्जनच्या घरात वर्षभराचा खर्च बँकेत वेगळा असावा असे मी म्हणेन, मग नव्या यंत्राची खरेदी एक वर्ष पुढे गेली तरी हरकत नाही.

आता ताईंच्या दाव्याविषयी. पॉलिसीचे ते कलम पुन्हा वाचा. तिथे 'कोणताही व्यवसाय' असेल तर आशा कमी, हे स्पष्टच सांगते. 'विमेदाराचा नेहमीचा व्यवसाय' असे काही लिहिले असेल तर मात्र सोडू नका. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. सोबत ऑपरेशनच्या नोंदवहीची प्रत आणि अस्थिरोगतज्ज्ञांचा दाखला जोडा. महिन्यात उत्तर आले नाही किंवा पुन्हा नकार आला, तर भोपाळच्या विमा लोकपालांकडे अर्ज करता येतो. त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही, पण कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत तो करायला हवा. त्या कलमाची छायाप्रत मलाही पाठवा. मूळ पॉलिसी मात्र कुणाकडेच पाठवू नका.